दुर्बिणीच्या बदल्यात नऊ खडे

एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझा मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात मुलाने वाढदिवसाला मिळालेली खेळण्यातली दुर्बीण आपल्या मित्राला देऊन टाकली आणि बदल्यात त्याच्याकडून नऊ चमकदार खडे आणले. रात्री झोपेपर्यंत तो ते खडे रंगांप्रमाणे लावत बसला होता. दुर्बीण कित्येक दिवस कपाटातच पडून होती हे खरे, पण खड्यांपुढे ती कितीतरी महाग. मी रागावून त्याला ती परत आणायला लावली. मित्राने ती दिली, मात्र त्याचा चेहरा उतरला आणि त्याच्या आईलाही ते रुचले नसावे. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. सासरे म्हणतात, पोराला व्यवहार कळत नाही, आत्ताच शिकवा. माझ्या पतींचे म्हणणे नेमके उलट आहे. या वयात सौदे शिकवले तर मुले हिशेबी होतील, अशी त्यांना भीती वाटते. खेळातून अदलाबदल शिकवता येते का? कोणत्या वयात? आणि तो पुन्हा असा फसू नये म्हणून काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहे, परंतु त्याआधी पत्रातील एका शब्दापाशी मला थांबावे लागते. 'फसू नये' असे तुम्ही लिहिले आहे. मुलगा फसला, हे ठरवले कोणी? तुमच्याच पत्रावरून दिसते ते असे की, जी वस्तू त्याच्या कपाटात धूळ खात होती ती देऊन त्याने अशी वस्तू मिळवली, जिच्यात तो झोप येईपर्यंत रमला. आणि त्याच्या मित्राला, ज्याच्याकडे दुर्बीण नव्हती आणि खडे भरपूर असावेत, ती हवी होती. दोघांनीही आपल्याला कमी हवे ते देऊन जास्त हवे ते घेतले. अदलाबदल नावाची गोष्ट जगात घडते ती एवढ्याच कारणाने. दोन माणसांना एकाच वस्तूचे मोल सारखेच वाटत असते, तर कोणी कोणाला काही दिलेच नसते. तुम्ही दुर्बीण आणि खडे विकत घेण्याच्या किमतीने मोजले, त्याने ते हवेपणाने मोजले. तुमचे माप चुकीचे नाही, परंतु त्या दोन मुलांच्या सौद्यात ते माप कोणीच वापरलेले नव्हते.

तुमचे सासरे म्हणतात तो 'व्यवहार' शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मात्र आपण तो बहुधा 'तोटा न होणे' एवढ्याच अर्थाने वापरतो. माझ्या मते व्यवहार कळणे म्हणजे स्वतःला काय हवे हे नीट ओळखता येणे, समोरच्याला काय हवे हे विचारता येणे, नको असेल तेव्हा 'नाही' म्हणता येणे आणि एकदा 'हो' म्हटल्यावर शब्द पाळता येणे. या चारांपैकी शेवटची गोष्ट तुमचा मुलगा पाळत होता. ती मोडली, क्षमा करा, पण तुम्ही.

हे जरा कठोर वाटेल, म्हणून कारण सांगतो. दुर्बीण परत आणायला लावल्यामुळे त्याला किमतीची जाणीव झाली नसून, आई पाहीपर्यंतच सौदा पक्का असतो, एवढेच त्याला कळले. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून त्यांना खेळाचे नियम विचारले होते आणि आपली निरीक्षणे १९३२ मध्ये प्रसिद्ध केली होती. लहान मुलांना नियम थोरांकडून आलेले, कधीही न बदलता येणारे वाटत. दहा-अकरा वर्षांच्या सुमारास मात्र मुलांना उमगत असे की नियम आपणच सर्वांच्या संमतीने केलेले असतात, संमतीने बदलता येतात आणि म्हणूनच ते पाळायचे असतात. हा प्रवास बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना, पुन्हा जुळवून घेताना होतो, असे पियाजेचे म्हणणे होते. अदलाबदल हाही दोन बरोबरीच्यांनी एकमेकांना घातलेला नियमच असतो. वरून कोणी येऊन तो मोडू शकत असेल, तर तो पाळण्याची गरजही मुलांना वाटेनाशी होते.

मोठ्यांनी सौदा मोडूच नये, असे मात्र नाही. दिलेली वस्तू मुलाच्या मालकीची नसेल, म्हणजे बहिणीची किंवा घरातील सर्वांच्या वापरातील असेल, तर ती परत आणलीच पाहिजे, आणि तेव्हा चूक मुलाची असल्याने माफी त्यानेच मागितली पाहिजे. एक मूल दुसऱ्याहून बरेच मोठे असेल आणि त्याने धाक किंवा 'तुला खेळायला घेणार नाही' असा दबाव वापरला असेल, तर मध्ये पडावे. एखाद्याने वस्तूतील बिघाड लपवून ती गळ्यात मारली असेल, तरीही. याव्यतिरिक्त मुलाला दोन दिवसांनी पश्चात्ताप झाला, तर तो पश्चात्ताप त्याचाच राहू द्यावा. त्याच्याइतका स्वस्तात मिळणारा शिक्षक पुढे आयुष्यात भेटत नाही, कारण आठव्या वर्षी गमवायला फार तर एक दुर्बीण असते.

आता वयाविषयी. तुमच्या दोन मुलांमधील तीन वर्षांचे अंतर या बाबतीत फार मोठे आहे. पाच वर्षांच्या मुलीसमोर सहा बटणे जवळजवळ आणि पाच बटणे लांबलांब मांडून पाहा. पुष्कळदा ती लांब पसरलेली पाच बटणेच 'जास्त' म्हणून दाखवील. संख्या मांडणीवर अवलंबून नसते, ही समज बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. हेही पियाजेनेच दाखवून दिले. म्हणून पाच वर्षांच्या मुलाशी 'तीनाला एक' असे सौदे करण्यात अर्थ नाही. एका वस्तूला एक वस्तू, तीही दोघांच्या हातात दिसेल अशी, एवढेच पुरे. न्यायाची जाणही याच काळात आकार घेते. अर्न्स्ट फेर हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन-चार वर्षांची बहुतेक मुले वाटणी करताना स्वतःपुरतेच पाहत होती, तर सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी बहुसंख्यांनी समान वाटणी पसंत केली. तुमचा मुलगा नेमका या उंबरठ्यावर आहे. खेळ सुरू करायला याहून चांगले वय नाही. मुलीला सोबत घ्या, पण तिला दादाच्या तराजूत तोलू नका.

खेळ अनेक आहेत. मला सर्वांत उपयोगी वाटलेला एक सविस्तर सांगतो. अर्थशास्त्राचे शिक्षक तो वर्गात वर्षानुवर्षे घेत आले आहेत आणि घरी सहा-सात मुले जमली तरी तो उत्तम होतो. प्रत्येक मुलाला एका पिशवीत एक लहानशी वस्तू द्यायची: रंगीत खडू, शंख, भिंग, शिट्टी, सुताचा गुंडा, लोहचुंबक, असे काहीही. अट एकच, वस्तू खरोखर त्याची झाली पाहिजे. खेळ संपल्यावर सगळे परत गोळा करणार असाल तर मुलांना ते लगेच कळते आणि सौदे लुटुपुटुचे होतात. पिशवी उघडून प्रत्येकाने आपली वस्तू आपल्याला किती आवडली, याला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यायचे आणि ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दुमडून तुमच्याकडे द्यायची. तुम्ही फक्त बेरीज करून ती मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायची. समजा सहा मुलांची बेरीज सत्तावीस आली. मग पहिली फेरी: अदलाबदल करायची, पण केवळ शेजारी बसलेल्याशी, आणि करायची नसेल तर नाही. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा बेरीज, समजा, चौतीस. दुसरी फेरी: आता कोणीही कोणाशीही. बेरीज कदाचित पंचेचाळीसवर जाईल.

या ठिकाणी गप्प राहा. खोलीत एकही नवी वस्तू आलेली नाही, तेच भिंग, तीच शिट्टी, तोच गुंडा, आणि तरी फळ्यावरचा आकडा वाढला. 'हे वाढले कोठून?' एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तर देण्याची घाई करू नका. मुले आधी सांगतील की कोणीतरी लबाडी करून गुण वाढवले. हा संशय योग्यच आहे, त्याची चर्चा होऊ द्या. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणेल की ज्याला जे हवे होते ते त्याच्याकडे गेले म्हणून. हे वाक्य मुलाच्या तोंडून आले की अर्ध्याहून अधिक काम झाले. शेजाऱ्यापुरता मर्यादित सौदा आणि सर्वांशी खुला सौदा यांत बेरीज वेगवेगळी का वाढली, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तो आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सहज झेपतो. आणि एखाद्या मुलाची वस्तू कोणीच मागितली नाही, तर तेही लपवू नका. अदलाबदलीने कोणाचे बिघडत नाही, पण सर्वांचे सारखे भलेही होत नाही. हे मुलांना दिसलेले चांगले.

चिठ्ठ्या दुमडलेल्या का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा वस्तू मुलांनीच घरून आणाव्यात असे मी सुचवले आणि उत्साहाच्या भरात सर्वांचे गुण मोठ्याने वाचून दाखवले. एका मुलीने स्वतः रंगवलेला दगड आणला होता. तो ज्याच्या वाट्याला आला त्याने त्याला एक गुण दिला होता. ती जी रडू लागली ती घरी जाईपर्यंत थांबली नाही. मोल मनात असते, हे शिकवायला निघालेल्या माणसाने मनाचाच विचार केला नव्हता. तेव्हापासून हाताने बनवलेल्या वस्तू या खेळात नाहीत आणि आकडे कोणाच्या नावानिशी वाचायचे नाहीत.

दुसरा खेळ तिघांचा, आणि तो मुद्दाम अडवणारा आहे. पहिल्याकडे खडू आहे, त्याला सूत हवे. दुसऱ्याकडे सूत आहे, त्याला शंख हवा. तिसऱ्याकडे शंख आहे, त्याला खडू हवा. कोणत्याही दोघांचे परस्परांत जमत नाही. त्यांना तसेच अडकून राहू द्या. हळूहळू एखाद्याच्या लक्षात येते की मला नको असलेला शंख मी आधी घेतला, तर तो देऊन सूत मिळेल. आपल्याला नको असलेली वस्तू केवळ पुढे देण्यासाठी घ्यायची, ही कल्पना मुलाला स्वतः सुचते तो क्षण पाहण्यासारखा असतो, कारण पैशाची कल्पना याच जागी जन्म घेते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये वस्तुविनिमयाची हीच अडचण मांडली होती: तुला हवे ते माझ्याकडे असणे आणि मला हवे ते तुझ्याकडे असणे, असे दुहेरी जुळणे विरळाच. मुलगा गणितात रमणारा असेल तर त्याला आणखी एक मोजणी करायला द्या. पाच प्रकारच्या वस्तू असतील तर कोणती किती कोणाला, असे दहा दर लक्षात ठेवावे लागतात. दहा प्रकार झाले की दर पंचेचाळीस होतात. मग एखादी वस्तू, समजा बटणे, सर्वांनी मान्य केलेले माप म्हणून ठेवली तर किती दर उरतात, हे त्यालाच शोधू द्या.

बटणे आल्यावर खेळाला निराळीच गती येते. मधेच प्रत्येकाला आणखी दहा-दहा बटणे वाटून पाहा. शंखाचा भाव थोड्याच वेळात चढतो आणि मुले चक्रावतात. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेल्या आर. ए. रॅडफर्ड या अर्थशास्त्रज्ञाने छावणीतील असाच अनुभव १९४५ मध्ये लिहून ठेवला आहे. तेथे सिगारेटी चलनासारख्या फिरत. त्यांची खेप आली की इतर वस्तूंचे सिगारेटींतील भाव चढत आणि साठा ओढून संपत आला की उतरत. मुलांना सांगताना सिगारेटींऐवजी बटणेच सांगितलेली बरी.

येथे एक सावधगिरी. 'पूर्वी पैसा नव्हता, सगळे लोक वस्तू देऊन वस्तू घेत, मग पैशाचा शोध लागला' अशी सोपी गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि मुलांना सांगण्याचा मोहही होतो. मानववंशशास्त्रज्ञांना ती मान्य नाही. केवळ वस्तुविनिमयावर चालणारी अशी निखळ अर्थव्यवस्था कोणी कोठे पाहून वर्णन केलेलीच नाही, असे कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये स्पष्ट मांडले. ओळखीच्या माणसांत देणे-घेणे बहुतेक उसनवारीने, भेटीने आणि परतफेडीच्या विश्वासाने चालत आले. रोखठोक अदलाबदल प्रामुख्याने परक्यांशी होई. तेव्हा तिघांच्या खेळाला 'पैसा का उपयोगी पडतो' याचा खेळ म्हणा, 'पैसा कसा सुरू झाला' याचा इतिहास म्हणून तो सांगू नका.

परक्यांशी सौद्यावरून माझा सर्वांत आवडता खेळ आठवला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात कार्थेज या उत्तर आफ्रिकेतील प्राचीन नगराच्या व्यापाऱ्यांविषयी लिहिले आहे की ते आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर आपला माल मांडत, गलबतांवर परत जात आणि धूर करत. धूर पाहून तेथील लोक येत, मालाशेजारी सोने ठेवत आणि दूर जाऊन उभे राहत. व्यापारी उतरून सोने पाहत; पुरेसे वाटले तर ते घेऊन निघून जात, नाही तर पुन्हा गलबतावर जाऊन बसत, आणि मग ते लोक आणखी थोडे सोने आणून ठेवत. सोने मालाच्या तोडीचे होईपर्यंत व्यापारी त्याला हात लावत नसत आणि व्यापाऱ्यांनी सोने उचलल्याशिवाय ते लोक मालाला शिवत नसत. एक शब्दही न बोलता, आणि हिरोडोटस म्हणतो त्याप्रमाणे, कोणीही कोणावर अन्याय न करता.

हा खेळ घरी करायला एक चादर पुरते. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी. आळीपाळीने येऊन वस्तू मांडायची, वाढवायची, कमी करायची, आणि बोलायचे नाही. तुमच्या घरासाठी हा खेळ मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण आठ वर्षांचा भाऊ पाच वर्षांच्या बहिणीला बोलण्यात गुंडाळू शकतो. येथे त्याची जीभ बांधलेली असते. लाजऱ्या मुलांनाही तो मानवतो. शिवाय थांबण्याची ताकद मुलांना प्रत्यक्ष अनुभवता येते: मी काही न करता उभा राहिलो तरी समोरचा वाढवतो. वाढवणाऱ्यालाही कळते की आता पुरे, माघारी फिरावे.

खेळताना एक गोष्ट हमखास दिसेल. पाच मिनिटांपूर्वी पिशवीतून निघालेली शिट्टी मुलाला एकाएकी प्राणप्रिय होईल आणि तो तिच्या बदल्यात अवाच्या सवा मागू लागेल. याला हावरटपणा म्हणू नका. जॅक नेश या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचा मग आणि काहींना चॉकलेट दिले आणि नंतर हवे तर बदलून घ्या असे सांगितले. दोन्ही गटांत दर दहांपैकी नऊ जणांनी हातात आले तेच ठेवले. कोणते हवे, असे आधीच विचारलेल्या तिसऱ्या गटात मात्र आवडी जवळजवळ निम्म्यानिम्म्या विभागलेल्या होत्या. पुढे २००१ मध्ये बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंतच्या वयोगटांवर केलेल्या अभ्यासातही ही ओढ वयाबरोबर कमी होताना दिसली नाही. 'माझे' झाले की मोल चढते, हे आपणा सर्वांचेच आहे. घरातील अडगळ आवरताना याचा अनुभव घ्यावा. मुलाला एवढेच विचारावे: ही शिट्टी आज तुझ्याकडे नसती, तर ती मिळवायला तू काय दिले असतेस? या एका प्रश्नाने पुष्कळ अडलेले सौदे सुटतात.

फसवणुकीपासून जपायचे कसे, याचा सराव मी वेगळा करून घेईन. तुम्ही किंवा मुलाचे वडील यांनी लबाड विक्रेत्याचे सोंग घ्यावे, आणि हे सोंग आहे हे आधी सांगून घ्यावे. 'लवकर ठरव, नाहीतर मी दुसऱ्याला देतो', 'तुझ्या सगळ्या मित्रांकडे आहे', 'बघू नकोस, विश्वास नाही का माझ्यावर' अशी वाक्ये टाकायची आणि मुलाने ती पकडायची. वस्तू हातात घेऊन, उलटून, चालवून पाहण्याची सवय येथेच लागते. तुटका कोपरा अंगठ्याखाली झाकून धरा आणि त्याला तो सापडू द्या. पुढच्या वेळी भूमिका बदला, आणि तेव्हा मात्र नियम असा की आपल्या वस्तूतील खोट त्याने स्वतःहून सांगायची. खोट सांगूनही सौदा होतो, फार तर थोडे कमी मिळते, हे त्याने पाहिले पाहिजे. फसू नये एवढेच शिकवले आणि फसवू नये हे राहून गेले, तर तुमच्या पतींची भीती खरी ठरेल.

मोठ्या वस्तूंसाठी घरात 'एका रात्रीचा नियम' करा: वाढदिवसाला मिळालेली किंवा बरीच जपलेली वस्तू द्यायची असेल तर आज बोलणी करायची, पण हातात द्यायची उद्या. आईचा नकाराधिकार यात नाही, फक्त एक झोप आहे. सकाळी उठूनही त्याला खडेच हवे असतील, तर तुम्ही गप्प राहायचे. हे गप्प राहणे तुमच्या वाट्याचा सराव समजा.

हिशेबीपणाची भीती मला पोकळ वाटत नाही, परंतु तिचे मूळ मी दुसरीकडे पाहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तेथील लोक शिंपल्यांच्या माळा आणि बाजूबंद होड्यांतून बेटाबेटांवर नेऊन एकमेकांना भेट देत. माळा एका दिशेने फिरत, बाजूबंद उलट दिशेने. 'कुला' नावाच्या या देवघेवीत घासाघीस करणे लाजिरवाणे मानले जाई. त्याच प्रवासात रोजच्या उपयोगाच्या वस्तूंची अदलाबदलही होई. तिचे नाव 'गिमवाली', आणि तिच्यात खुशाल घासाघीस चाले. कुलात कोणी कोतेपणा दाखवला की 'हा तर गिमवाली करतो आहे' असे लोक नाव ठेवत. देण्याचे दोन रिवाज, दोन नावे, आणि दोहोंची सरमिसळ नाही.

मुलांनाही हे जमते. आपणच त्यांना शब्द देत नाही. आपल्या भाषेत तर तीन नेमके शब्द आहेत: भेट, उसने आणि अदलाबदल. मुलांच्या भांडणांत थोडे खोलात गेलात तर पुष्कळदा आढळते की एकाने उसने म्हणून दिलेले दुसऱ्याने कायमचे समजून घेतले, किंवा एकाने भेट म्हणून दिले आणि कट्टी झाल्यावर त्याचा मोबदला मागितला. म्हणून वस्तू हातातून सुटण्यापूर्वी 'हे तीनांपैकी काय?' असे विचारायची आणि तोंडाने उत्तर द्यायची सवय लावा. बहिणीला दिलेल्या भेटीचा हिशेब ठेवायचा नाही, उसने परत करायचे, अदलाबदल झाली की विषय संपला. एवढे वेगळेपण ज्याला कळते, ते मूल सौदे शिकूनही कोरडे होत नाही.

तयार खेळांपैकी १९०४ चा 'पिट' हा अमेरिकन पत्त्यांचा खेळ आरडाओरड्यासह अदलाबदलीचा आहे आणि क्लाउस टॉयबर यांचा १९९५ मधील 'कॅटान' हा जर्मन पटखेळ आपसांतील देवघेवीवरच बराचसा उभा आहे. पण कॅटानला दहाच्या पुढचे वय बरे. पडद्यावरील खेळांतील वस्तूंची अदलाबदल मात्र इतक्यात नको. समोरचा कोण हे कळत नाही, चेहरा दिसत नाही, वस्तू उलटून पाहता येत नाही आणि एका बोटाच्या स्पर्शाने झालेले मागे घेता येत नाही. म्हणजे वर सांगितलेले जे जे शिकायचे, त्यातील काहीच तेथे शिकता येत नाही.

राहिली ती दुर्बीण. मुलाला घेऊन त्याच्या मित्राच्या घरी जा आणि त्या मित्राला, त्याच्या आईला नव्हे, तुम्ही स्वतः सांगा की तुम्हा दोघांचे ठरले होते, ते मी मोडले, ते माझे चुकले. लहान मुलाची माफी मागताना मोठ्यांना अवघडते, पण याला पर्याय नाही. सौदा त्या दोघांचा होता. पुढे काय करायचे ते तुमच्या मुलावर सोडा. कदाचित तो पुन्हा दुर्बीण पुढे करील. कदाचित मित्राला आता ती नको असेल, किंवा एकदा दुखावल्यामुळे तो नऊऐवजी पाचच खडे द्यायला तयार होईल, आणि तुमच्या मुलाला ते पटेल किंवा पटणार नाही. कदाचित दोघे ठरवतील की दुर्बीण आठवड्यातून दोन दिवस उसनी द्यायची. मुले बोलत असताना तुम्ही त्याच्या आईसोबत दुसऱ्या खोलीत बसा, आणि आतून आवाज चढले तरी थोडा वेळ तेथेच बसून राहा.